टर्बो थंड होईपर्यंत

माझ्या भावाने नानांची गाडी विकायला काढली तेव्हा जाहिरात आधी मोबाइलवर टाकली आणि मग मला पाठवली. ‘डिझेल गाडी विकणे आहे. कंडिशन चांगली. टायर नवे.’ एवढंच. मी शिकवते त्या शाळेत होते, मधली सुट्टी चालू होती, समोर डबा उघडा होता. डबा तसाच ठेवून मी त्याला फोन लावला आणि म्हटलं, “कंडिशन चांगली असं लोक कूलरबद्दल लिहितात.”

भाऊ पुण्याला असतो, गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. माझ्यापेक्षा लहान आहे आणि माझ्या रागाला त्याने लहानपणापासून सर्दी-पडशाइतकीच किंमत दिलेली आहे. “अक्का, मग तूच लिहून दे,” तो म्हणाला. “पण रविवारी गिऱ्हाईक येतंय. त्याच्या आत दे.”

गिऱ्हाईक हा शब्द माझ्या जिव्हारी लागला. नाना, आमचे वडील, गेल्या हिवाळ्यात गेले. त्यानंतरच्या सगळ्या गोष्टी भावाने एकट्याने, नीट, न चिडता ठरवल्या होत्या. जळगावचं घर बंद करायचं, मायला पुण्याला न्यायचं, गाडी विकायची. मायने तिन्हींना ‘हां’ म्हटलं. पहिल्या दोन गोष्टी मलाही पटल्या. तिसरी ऐकली आणि माझं डोकं फिरलं. गाडी मला हवी होती असंही नाही. धुळ्याला देवपुरातल्या आमच्या गल्लीत आमची एकच गाडी कशीबशी मावते. पण ती दुसऱ्या कुणाच्या दारात उभी राहणार, दुसरं कुणी तिची किल्ली फिरवणार, हे मला सहन होत नव्हतं.

जाहिरात लिहायला बसले तर ती नानांच्याच आवाजात उतरायला लागली. तेराशे सीसी, चार सिलिंडर, पंचाहत्तर घोडे. टर्बो. टायमिंगला चेन, पट्टा नाही, म्हणून पट्टा तुटून रस्त्यात अडकायची भीती नाही. दोन हजार फेऱ्यांच्या खाली इंजिन आळसावलेलं असतं, तिथून वर गेलं की मागून कुणीतरी ढकलल्यासारखी गाडी उठते. हे सगळं नाना घरी येणाऱ्या प्रत्येकाला सांगायचे. लग्नाची पत्रिका द्यायला आलेल्यांना, गॅस सिलिंडर घेऊन आलेल्याला, एकदा तर मायच्या भिशीतल्या बायकांना. माय आतून म्हणायची, “माना दोन पोरेसनं वजन इचारा तेसले, नही सांगता येवाव.” नाना हसायचे आणि पुन्हा टॉर्कवर यायचे.

त्यांची सगळी नोकरी जळगावच्या एका डाळमिलमध्ये गेली. तिथली यंत्रं चालती ठेवणं हे त्यांचं काम. घरी आले तरी त्यांच्या भुवयांवर तुरीच्या सालपटाचा भुगा असायचा. निवृत्त झाल्यावर त्यांनी अमळनेरच्या एका डॉक्टरांकडून ही गाडी घेतली. जुनीच, पण डॉक्टरांनी फार फिरवली नव्हती. जन्मभर दुसऱ्याची यंत्रं राखलेल्या माणसाच्या हाती पहिल्यांदाच स्वतःचं यंत्र आलं. नवी सून घरात आली की तिला काय आवडतं, काय सोसत नाही हे बघतात तसं त्यांनी पहिले काही महिने त्या इंजिनाचं केलं. फक्त सुनेचं कुणी इतकं करत नाही, हे मी अनुभवावरून सांगते.

सकाळी गाडी चालू केली की ते लगेच निघत नसत. तेल वरपर्यंत चढू द्यायचे. आठवड्यातून एकदा बॉनेट उघडून तेलाची पट्टी बाहेर काढायची, ती मायच्या जुन्या पातळाच्या तुकड्याने पुसायची, परत घालायची, परत काढायची आणि उजेडात धरून बघायची. “धागे सुटत नाहीत अशा कापडानेच पुसायचं,” ते सांगायचे, आणि त्यासाठी मायची चांगली पातळंही अकाली जुनी व्हायची. तेल मात्र कंपनीने सांगितलेल्या अंतराच्या पुष्कळ आधी बदलायचे. पावसाळ्यात डिझेलच्या फिल्टरमध्ये साचलेलं पाणी काढायचे. जळगाव-धुळे रस्त्याचं चौपदरीकरण वर्षानुवर्षं चाललं होतं तेव्हा एरंडोल ते पारोळा नुसता फुफाटा असायचा. घरी आले की ते स्वतः चहा घ्यायच्या आधी हवेचा फिल्टर काढून अंगणात झटकायचे. माय म्हणायची, या माणसाने स्वतःच्या छातीचा कफ कधी एवढा मनावर घेतला नाही. ते खरंच होतं.

आणि टर्बो. नानांनी मला तो समजावला तेव्हा मी गणिताची शिक्षिका आहे याचा त्यांना फार अभिमान होता, म्हणून त्यांनी आकड्याने सुरुवात केली. इंजिनातून निघणारा तापलेला धूर एक छोटं चाक फिरवतो, मिनिटाला लाखावर फेरे. ते चाक बाहेरची हवा दाबून आत भरतं, म्हणून एवढंसं इंजिन एवढी ताकद दाखवतं. एवढं फिरणारं चाक उभं असतं ते तेलाच्या पातळ थरावर. आता हायवेवरून जोरात आलं आणि थांबल्या थांबल्या किल्ली फिरवली तर इंजिन बंद, तेलाचा पंप बंद, पण चाक आपलं फिरतंच आहे, तेही भट्टीसारखं तापलेलं. तेल तिथेच जळून त्याची खरपुडी होते. “धावत आलेल्या माणसाला दारात तांब्याभर पाणी देतात ना आपण? मग?” म्हणून थांबल्यावर गाडी थोडा वेळ नुसती चालू ठेवायची. तिची धाप उतरू द्यायची.

माझं लग्न त्यांच्या निवृत्तीच्या आधी झालं होतं. तोवर मी एसटीनेच माहेरी जायचे-यायचे. गाडी आल्यावर नाना दर आखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, आणि दर दिवाळीला मला घ्यायला यायला लागले, आणि सण झाला की पोचवायलाही. आखाजीचं ऊन असं की पारोळ्याच्या किल्ल्याकडे नुसतं बघितलं तरी डोळे दुखावेत. मागच्या सीटवर सांजोऱ्यांचा डबा, बिबड्यांची, म्हणजे ज्वारीच्या पापडांची पिशवी, रसाला ठेवलेले आंबे, आणि कडुनिंबाच्या झोक्यावर बसून बसून हाताला पडलेले दोराचे वळ घेऊन मी पुढे बसलेली. गाडी चालवताना नाना बोलत नसत. इंजिनाचं ऐकायचे. मी बोलायला लागले की एक बोट वर करायचे. मला या बोटाचा भयंकर राग यायचा.

पहिल्यांदा ते मला गाडीने पोचवायला आले तेव्हाची गोष्ट आमच्या सासरी अजूनही लग्नाच्या पंगतीत सांगितली जाते. पांझरेचा पूल ओलांडून, देवपुरातल्या गल्ल्यांमधून हळूहळू येत गाडी आमच्या दारापुढे थांबली. मी दार उघडायला हात घातला. नाना म्हणाले, “बठ. धाप लागेल शे तिले.” म्हणून मी बसले. इंजिन घुरघुरत राहिलं. घरातून सासूबाईंनी खिडकीचा पडदा सारून बघितलं. व्याही पहिल्यांदाच स्वतःच्या गाडीने आलाय, आणि गाडी बंदसुद्धा न करता आत बसून राहिलाय. म्हणजे मानाने बोलावल्याशिवाय उतरणार नाही. आपलं काहीतरी चुकलं. लग्नात रुसलेला नवरदेव मंडपाच्या दाराशी गाडीत अडून बसतो, हे आमच्याकडे सगळ्यांनी बघितलेलं. त्यामुळे दुसरी शंका त्यांच्या मनातसुद्धा आली नाही.

“व्याही गाडीम्हाच बठेल शेतस,” त्या माझ्या नवऱ्याला म्हणाल्या. “बलावाना बिगर उतरतीन का त्या? जाय, पानी ली जाय.”

नवरा तांब्या घेऊन आला. नानांनी आतून हाताने ‘जरा थांबा’ अशी खूण केली. ती खूण ‘तुम्ही नको’ अशी वाचली गेली. नवरा आत गेला आणि सासरे स्वतः बाहेर आले, डोक्यावर टोपी ठीक करत, काचेसमोर हात जोडून उभे राहिले. नाना गोंधळले. त्यांनीही स्टिअरिंगवरचे हात काढून जोडले. काचेच्या दोन्ही बाजूंना दोन वडीलधारी माणसं एकमेकांना नमस्कार करत, एक उभं, एक बसलेलं, मध्ये इंजिन चालू, आणि मी हसू दाबून दाबून लाल झालेले. शेवटी नाना उतरले तेव्हा सासरे म्हणाले, “आमचं काही चुकलं का?” मग बॉनेट उघडून त्यांना टर्बो दाखवण्यात आला. घोडे किती हेही सांगून झालं. सासरे मोठ्या मनाचे. म्हणाले, “घरचं झालं थोडं आणि व्याह्याने धाडलं घोडं, ते हे असं होय!”

त्यानंतर ती रीतच पडली. गाडी दाराशी येऊन घुरघुरायला लागली की सासूबाई आत म्हणायच्या, “मशीन थंडं व्हस तवलगून चहा गरम करी लेऊ.” कुणी बाहेर येत नसे. पडदाही हलत नसे. थोडा वेळ का होईना, भर गल्लीत, काचा लावलेल्या गाडीत नाना आणि मी दोघंच असायचो.

त्या वेळात ते मला विचारायचे. माझ्याकडे बघून नाही. तापमानाच्या काट्याकडे बघत. “काय वं बाई, बठ्ठं बरं शे ना?”

सगळं बरं आहे ना, एवढंच. मी ‘हां’ म्हणायचे. ते किल्ली फिरवायचे. इंजिन एकदा अंग झटकल्यासारखं हलायचं आणि गप्प व्हायचं. मग आम्ही उतरायचो.

वर्षामागून वर्षं हेच. घरी चार दिवस राहून, मायशी पोटभर बोलून, भावाशी भांडून, नानांबरोबर तासन्‌तास त्याच गाडीत बसूनही हा प्रश्न त्यांनी मला कधी दुसरीकडे विचारला नाही. अंगणात नाही, जेवताना नाही, रस्त्यात तर नाहीच. तो फक्त देवपुरात, आमच्या दारापुढे, इंजिन चालू असताना यायचा. मी त्याचा कधी विचार केला नाही. नेहमी घडणाऱ्या गोष्टीचा विचार करायचा असतो हे माणूस गेल्यावर कळतं.

एका दिवाळीला मात्र मी लगेच ‘हां’ म्हटलं नव्हतं. माझं बी.एड. झालं होतं, एका शाळेतून बोलावणं आलं होतं, आणि घरात त्यावरून धुसफूस चालू होती. मूल लहान आहे, कशाला हवी नोकरी, लोक काय म्हणतील. कुणी ओरडलं नव्हतं. आमच्या घरात कुणी ओरडत नाही, नुसती भांडी जोरात ठेवतात. भाऊबीज झाली, फराळाचे डबे भरले आणि परतीच्या वाटेवर धुळ्याच्या अलीकडचं फागणे गाव मागे पडलं तशी मी किलोमीटरचे दगड मोजायला लागले. दारापुढे गाडी थांबली. मूल मागे झोपलेलं. नानांनी काट्याकडे बघत विचारलं, “काय वं बाई, बठ्ठं बरं शे ना?”

मी गप्प राहिले. नानांनी किल्लीला हात लावला नाही. इंजिन चालू होतं. आतून चहाचा वास यायला लागला, मग तो उतू गेल्याचाही आला. पडदा एकदा हलला. शेजारची बाई दळण घेऊन गेली आणि परत आली. काटा केव्हाच खाली आला होता. शेवटी मीच वैतागून म्हटलं, “नाना, झाली असेल आता थंड.”

“नही,” नाना म्हणाले. “व्हवू दे आजून.”

मला तेव्हा वाटलं, या माणसाला पोरीपेक्षा टर्बोची काळजी जास्त आहे. इथे माझा जीव गुदमरतोय आणि हे यंत्राची धाप मोजत बसलेत. रागाने माझं रडू आटलं. मी म्हटलं, “बरं शे. बठ्ठं बरं शे. करा बंद.” त्यांनी माझ्याकडे एकदा बघितलं. मग किल्ली फिरवली. पुढे मला ती नोकरी मिळाली, सासूबाईंनीच मूल सांभाळलं, आणि आज त्या मुलापेक्षा माझ्याकडे कमी लक्ष देतात. तो सगळा वेगळा तमाशा आहे. पण त्या दिवशी मी दार आपटून उतरले होते.

जाहिरात काही माझ्याच्याने पुरी झाली नाही. शनिवारी एसटीने जळगावला गेले.

घरात अर्धे खोके बांधून झाले होते. माय स्वयंपाकघरात उरलेल्या डब्यांवरची झाकणं काढून बघत होती आणि परत लावत होती. अंगणात कडुनिंबाखाली गाडी उभी होती, वर मेणकापड. भाऊ मला म्हणाला, “एक नवल सांगू? इतके महिने उभी आहे, पण बॅटरी उतरलेली नाही. एका सेल्फमध्ये चालू झाली.”

नवल नव्हतं. शेजारणीने मला फाटकातच सांगितलं होतं. माय आठवड्यातून एकदा मेणकापड काढते, गाडीत ड्रायव्हरच्या जागी बसते, गिअर मोकळा आहे ना ते दांडी हलवून बघते, आणि किल्ली फिरवते. जिला सायकलसुद्धा येत नाही ती माझी माय. गाडी पुढे नाही, मागे नाही. ती नुसती बसते. पदराने स्टिअरिंग पुसते. मग बंद करून उतरते आणि मेणकापड लावते. नानांनी आजारपणात तिला तेवढं शिकवून ठेवलं होतं. भावाला हे सांगितलं तर तो कपाळाला हात लावून म्हणाला, “नुसती उभ्या उभ्या चालू ठेवून उपयोग नसतो अक्का, काजळी धरते. फिरवायला लागते.” मग थोड्या वेळाने, हळू आवाजात, “मला सांगायचं तरी.”

रविवारी सकाळी मी म्हटलं, गिऱ्हाईक यायच्या आत मी एकदा चालवणार. चालवायला मला नानांनीच एका आखाजीला शिकवलं होतं, याच गाडीवर, त्याच बोटाने. भाऊ शेजारी बसला. पंपावर जाऊन डिझेल टाकलं. क्लच तसाच जड, दोन हजारांवर गेल्यावर तीच शीळ, बारीक, कानात नाही तर दातात ऐकू येणारी. माझे डोळे भरले. भावाने बघितलं आणि खिडकीबाहेर बघत राहिला.

घरी आलो. मी गाडी अंगणात लावली आणि बसून राहिले. इंजिन चालू. भाऊ उतरून बॉनेटच्या पुढून फिरून माझ्या खिडकीशी आला. “कशाची वाट बघतेस?”

“टर्बो थंड होऊ दे.”

तो हसला. “अगं, गावातून वीस-तीसच्या स्पीडने आलोय आपण. टर्बो केव्हाचा थंड आहे. हायवेवर जोरात चालवून धाब्यावर एकदम थांबलं तर ठेवायची चालू. घरी येईपर्यंत गल्लीबोळात ते आपोआप होतं.”

“नाना तर थांबायचे.”

“छे. नानांनीच तर मला हे शिकवलं. हायवे सोडला, गावात शिरलो की ते म्हणायचे, झाली आता थंड. आणि दारात आलं की लगेच बंद. डिझेल काय फुकट येतं का?”

पांझरेच्या पुलापासून आमच्या दारापर्यंत नाना कसे यायचे ते मला दिसत होतं. दुसऱ्या गिअरमध्ये. सायकली पुढे जायच्या. गणित माझा विषय आहे आणि हे साधं गणित इतकी वर्षं माझ्यासमोर पडलं होतं.

तेवढ्यात माय बाहेर आली. नेसली होती बाहेर जायचं पातळ. म्हणाली, चालूच आहे तर मला मेहरुण तलावापर्यंत ने. भाऊ म्हणाला, गिऱ्हाईक तासाभरात येईल, तोवर या. माय माझ्या शेजारी बसली आणि पट्टा लावायला लागली. तो तिला लागेना. मी वाकून लावून दिला.

तलावावर आम्ही उतरलो नाही. पाण्याच्या कडेने एक चक्कर मारली. माय सगळं बघत होती, झाडं, पोहणारी बदकं, भेळेच्या गाड्या. नानांसारखी मीसुद्धा इंजिनाचं ऐकत होते. सगळ्या सांध्यांमधून ते नीट, एकसुरी चाललं होतं. इतक्या वर्षांचं इंजिन, आणि कुठे खडखड नाही, काळा धूर नाही. नानांनी ते असं राखलं होतं की ते त्यांच्यापेक्षा जास्त टिकलं. मला त्या इंजिनाचा हेवा वाटला.

परत आलो. फाटकात एक मोटरसायकल लावलेली होती. भाऊ अंगणात एका अनोळखी माणसाशी बोलत उभा होता, हातात गाडीची कागदपत्रं. मी कडुनिंबाखाली गाडी लावली. सवयीने हात किल्लीवर गेला आणि तिथेच राहिला. मी मायला विचारलं, “माय, नाना गाडी थांबली तरी चालू ठेवायचे ना? टर्बो थंड होईपर्यंत?”

“त्या?” माय म्हणाली. “कोठेच नही. बाजारम्हा गयात, लगनले गयात, किल्ली फिराई अन् उतरनात. फक्त तुना दारपुढे.”

“का?”

माय पट्ट्याशी खेळत होती. “मी इचारं एकदाव. मी म्हनलं, तठेच कसी तुमनी गाडी तापस? तं म्हनेत,” ती थांबली, आणि नानांचे शब्द तिने जसेच्या तसे, त्यांच्याच संथ आवाजात सांगितले. “‘मशीन बंद करीसन इचारं तं पोर हांच म्हनी. चालू मशीनवर इचारं तं तिले वाटी, बाप आते बी गाडी फिराई सकस.’”

ती दिवाळी आठवली. उतू गेलेला चहा, मागे झोपलेलं मूल, आणि काटा खाली येऊन गेल्यावरही ‘व्हवू दे आजून’ म्हणणारे नाना. ते टर्बोला थांबले नव्हते. त्यांच्या पायाखाली क्लच होता आणि मनात रस्ता तयार होता. मी नाही म्हटलं असतं तर ते काहीही न विचारता फागण्याच्या दिशेने निघाले असते, झोपलेल्या मुलासकट. पुन्हा एकदा, एकच वेळ, कुणी माझ्या शेजारी बसून त्या काट्याकडे बघत तो प्रश्न विचारावा असं मला वाटलं. मी काय उत्तर दिलं असतं कोण जाणे. बहुतेक ‘हां’च म्हटलं असतं. पण मला विचारलेलं हवं होतं.

शेजारी माय बसली होती. घर बंद करण्याला हां, पुण्याला हां, गाडीला हां म्हणालेली. तिने ते सगळं कुठे म्हटलं होतं ते मला आठवलं. स्वयंपाकघरात, खोके बांधायला घेतल्यावर. म्हणजे बंद मशीनवर.

मी किल्लीवरचा हात काढला. तिच्याकडे बघितलं नाही. काट्याकडे बघत म्हटलं, “काय वं माय, बठ्ठं बरं शे ना?”

मायचे हात पट्ट्यावर थांबले. ती पुढच्या काचेतून कडुनिंबाकडे बघत राहिली. इंजिन चालू होतं.

भाऊ त्या माणसाला घेऊन गाडीपर्यंत आला. काचेवर हलकेच टकटक केली. “अक्का, बंद कर ना. त्यांना बॉनेट उघडून बघायचंय.”

मी काच थोडी खाली घेतली.

“थांब जरा,” मी म्हटलं. “गरम आहे अजून.”